निवडक ‘कानस’, लोखंडी कपाटासह

३ फेब्रुवारी, मंगळवार

गेल्या वर्षीच्या हिशेबाच्या वहीत मागची बरीच पानं कोरी राहिली आहेत. रद्दीत घालण्यापेक्षा त्यांवर लिहायला घेतलं. देवाला रोज सगळं सांगून होतंच, पण तो उलट काही विचारत नाही. लिहिलं की निदान आपलं आपल्याला वाचता येतं.

आज दुपारी रेकॉर्ड कंपनीच्या बाई आल्या होत्या. मी डाळ निवडत बसले होते. बसल्या बसल्या म्हणाल्या, “तुमच्या मिस्टरांच्या बँडनं एका अख्ख्या पिढीचे कान घडवलेत हो!”

मी म्हटलं, “आमच्या खालच्या मजल्यावरच्या मास्तरांना सांगू नका. त्यांना वाटतं बिघडवलेत.”

आता हे मुळापासून लिहायला हवं. हे आणि धाकटे भाऊजी तरुणपणी एकाच कारखान्यात होते. तिथं त्यांनी बँड काढला. नाव ‘कानस’, लोखंड घासायची असते ती. साध्या बँडमध्ये जे असतं ते ह्यांच्यात होतंच, वर कारखान्यातली यंत्रं. पत्रा दाबायचा प्रेस, पट्टे, भोंगा, सगळ्यांचे आवाज भरून घ्यायचे आणि त्यावर गाणं रचायचं. भाऊजी ओरडतात, हे बडवतात, आणि त्यांचा मित्र वेल्डर गिटार वाजवतो. तो खरोखरच वेल्डर आहे, आणि एका कानानं त्याला ऐकू येत नाही, हे त्याचं नशीबच म्हणायचं. ह्या प्रकाराला इंडस्ट्रियल मेटल म्हणतात. लग्न ठरताना मला एवढंच सांगितलं होतं, की मुलाला संगीताची आवड आहे.

मी आजवर ह्यांचं एकही गाणं पूर्ण ऐकलेलं नाही. कार्यक्रम असला की मी घरी दिव्यात जरा जास्त तेल घालायची आणि ह्यांची बोटं शाबूत राहू देत म्हणून माळ ओढायची. बोटं शाबूत आहेत.

बाईंच्या कंपनीला पहिल्यापासून आतापर्यंतच्या सगळ्या गाण्यांतून निवडक चौदांचा एक अल्बम काढायचा आहे. दोघा भावांची सही लागेल. हे खिडकीशी उभे होते. म्हणाले, “त्याची सही तुम्ही आणा. माझी मागू नका.” आणि आत जाऊन नळ दुरुस्त करायला लागले. तो नळ बिघडलेलाच नाही.

सासूबाई गेल्या त्या वर्षी दोघांचं बिनसलं. तेव्हापासून बोलणं बंद. ह्यांनी बँड सोडला, काठ्या माळ्यावर टाकल्या. कधीकधी जेवताना टेबलावर बोटं वाजायला लागतात, मग ह्यांच्या लक्षात येतं आणि हात मांडीवर जातो. ते मला बघवत नाही. कारण विचारलं तर “तो विषय नको.” माझा अंदाज आहे, की कारण कपाट. सासूबाईंचं लोखंडी कपाट भाऊजी घेऊन गेले, ते ह्यांना लागलं असणार. तोंडानं बोलायचे नाहीत.

जायच्या आदल्या आठवड्यात सासूबाई मला म्हणाल्या होत्या, “सूनबाई, ह्या दोघांना एकमेकांशी बोलतं ठेव. बाकी मी काही मागत नाही.” मी देवासमोर ‘हो’ म्हटलं होतं. ते ‘हो’ अजून तसंच पडून आहे.

४ फेब्रुवारी, बुधवार

भाऊजींना मीच फोन केला. हे बाजारात गेले होते.

“वहिनी, मी सही करतो. पण गाणी दादानं निवडली तर सगळी त्याच्याच ढोलाची येतील.”

“मग तुम्ही निवडा.”

“मी निवडली तर तो अल्बम खिडकीतून फेकेल.”

“मग वेल्डरभाऊ?”

“त्याला अर्धंच ऐकू येतं, वहिनी. तो अर्धीच निवडेल.”

संध्याकाळी ह्यांच्याकडं विषय काढला. ह्यांचंही तेच, फक्त उलट बाजूनं. शेवटी चिडून म्हणाले, “मग तूच निवड! तुला त्यातलं काही कळत नाही. निदान पक्षपात तरी होणार नाही.”

मी ते भाऊजींना कळवलं. ते किती वेळ हसत होते. मग म्हणाले, “चालेल. आयुष्यात पहिल्यांदा दादाशी माझं एकमत झालं.”

हे काय होऊन बसलं? मॅट्रिकला माझा चित्रकलेचा विषय होता.

८ फेब्रुवारी, रविवार

कंपनीनं खोकं पाठवलं. सगळ्या सीडी, आणि कानावर लावायचे मोठे हेडफोन, गाडीच्या सीटसारखे मऊ. खोकं चांगलं भक्कम आहे, बटाट्यांना होईल.

देवासमोर ठेवलं आणि स्पष्ट सांगितलं, की हे मी घरासाठी करते आहे, ह्यात काही वेडंवाकडं असेल तर ते माझ्या खाती मांडू नये. मग सुरू केलं.

पहिलं गाणं ‘तिसरी पाळी’. मी हेडफोन काढून गॅस बघून आले. मला वाटलं कुकर फुटला.

दुसरं ‘पट्टा’. ह्यात भाऊजी सारखे तेच ओरडतात. ह्यांना विचारलं, “काय म्हणतायत?” तर म्हणाले, “पट्टा थांबत नाही, असं म्हणतोय.” म्हटलं, “मग सुपरवायझरला सांगायचं, आम्हाला काय सांगताय?” हे म्हणाले, “गाणं त्यावरच आहे. सुपरवायझर ऐकत नाही.” मग मला ते गाणं जरा पटलं. आमच्या पाण्याच्या तक्रारीचंही सोसायटीत तसंच होतं.

तिसऱ्याला डोकं दुखलं. दोन्ही कानांत कापूस घालून वर हेडफोन लावले. आता बरं ऐकू येतं.

११ फेब्रुवारी, बुधवार

पद्धत सापडली. नुसतं बसून ऐकलं की ऊर धडधडतो. हात कामात असले की गाणं नीट कळतं. डाळ निवडताना आपण दाणा दाणा बघत नाही, हात फिरवतो आणि खडा आपणच बोटाला लागतो. तसंच.

‘भट्टी’वर कणीक मळली. इतकी मऊ झाली, की ह्यांनी विचारलं, आज पीठ बदललंस का? घेतलं.

‘दाब’वर कढई घासली. जळकं बूड निघालं, जे गेल्या वर्षापासून निघत नव्हतं. घेतलं.

‘भोंगा’वर कपडे वाळत घालत होते. चिमटे दोनदा खाली पडले. त्या गाण्याचं मधेच काहीतरी चुकतं. ह्यांना म्हटलं, तर एकदम माझ्याकडं बघून म्हणाले, “तिथं मी एक ठोका आधी गेलो होतो. आजवर कुणाच्या लक्षात आलं नाही.” नाही घेतलं. हे म्हणाले, घे की. तरी नाही घेतलं. पक्षपात नाही म्हणजे नाही.

दुपारी मास्तर वर आले. मला वाटलं तक्रार. म्हणाले, “आवाज कमी करा म्हणायला आलो नाही. आवाज नाहीये, तरी तुमचे पाय एका तालात आपटतायत वरून. काय चाललंय?” मी पायांकडं पाहिलं. ते त्यांचं त्यांचं चालू होतं.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

एका गाण्यात भाऊजींनी देवाला अरे-तुरे करून जाब विचारला आहे. मी सीडी बंद केली आणि कंपनीच्या बाईंना फोन लावला, की हे कटाप.

“अहो, ते त्यांचं सगळ्यात गाजलेलं गाणं आहे! लांबलांबचे बँड तेच ऐकून उभे राहिले.”

“म्हणजे सगळीकडं पोचलंय हे?”

“सगळीकडं!”

रात्री दिवा लावताना विचार केला. तसं बघता देवाला जाब विचारायला तो आहे असं धरावंच लागतं. सासूबाई आजारी होत्या तेव्हा मीही विचारलाच होता, फक्त ओरडले नव्हते. बाईंना कळवलं, घेते, पण दोन शहाण्या गाण्यांच्या मधे बसवणार. शाळेत मस्तीखोर मुलाला बसवतात तसं. बाई म्हणाल्या, ह्याला सिक्वेन्सिंग म्हणतात. असेल.

भाऊजींना मध आणि हळद घ्यायला सांगितलं. हा घसा किती दिवस टिकणार?

१५ फेब्रुवारी, रविवार

आज खोक्यातली शेवटची सीडी. हे बाहेर पडल्यानंतर भाऊजी आणि वेल्डरनं दोघांनीच काढलेली. तिच्यातलं शेवटचं गाणं ‘खोली’.

मी माळ घेऊनच बसले होते, कारण आज काम उरलं नव्हतं. सुरुवातीला ओरडणं नाही, बडवणं नाही. नुसतं एक यंत्र. धस्... फूस्. धस्... फूस्. एकेका आवाजाला एकेक मणी पुढं सरकत गेला. कापूस काढून टाकला. इतकं शांत मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. पुढं गिटार येते, भाऊजीही ओरडतात, पण ते यंत्र खाली चालूच राहतं. बसल्या बसल्या डोळा लागला.

जाग आली तेव्हा वाटलं, हा आवाज ओळखीचा आहे. कुठं ऐकलाय ते आठवेना. परत लावलं. आणि गाणं संपता संपता, सगळा गोंगाट थांबतो तिथं, लांबून आल्यासारखं एक बाईमाणूस बोलतं. सीडीच्या पुस्तिकेत कुणीतरी शहाण्यानं लिहिलंय, की हा पाताळातून आलेला सूर आहे.

पाताळ कसलं? सासूबाई आहेत त्या! ते यंत्र म्हणजे त्यांच्या उशाशी होतं ते ऑक्सिजनचं मशीन. आणि त्या काय म्हणतायत तेही मला लख्ख ऐकू आलं, मी जन्मभर ऐकलाय तो आवाज. मी एकटीच मोठ्यानं हसले. मग डोळे पुसले.

ह्यांना मात्र त्यातलं काही बोलायचं नाही असं ठरवलं. सासूबाईंनी त्यात ह्यांनाच टोमणा मारलाय, तो ह्यांनी ऐकला असणारच, आणि पुरुषमाणसाच्या दुखऱ्या जागेवर आपण कशाला बोट ठेवायचं?

जेवताना सहज म्हटलं, “शेवटी ‘खोली’ घेतलंय.”

ह्यांचा घास हातात राहिला. उठले आणि गच्चीवर गेले. ताट तसंच. भाजी चाखून बघितली. मीठ किंचित जास्त होतं, पण उठून जाण्याइतकं नव्हतं.

१६ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी हे शांतपणे म्हणाले, “ते गाणं असेल तर माझी सही नाही. आणि परत त्याचं नाव ह्या घरात घ्यायचं नाही.”

भाऊजींना कळवलं. तेही तितक्याच शांतपणे म्हणाले, “ते गाणं नसेल तर माझी नाही, वहिनी. बाकी तेरा काहीही घ्या.”

“अहो, पण का?”

“ते दादाला विचारा.”

“ते म्हणतात विषय नको.”

“मग नको.”

कंपनीच्या बाई म्हणतात, महिनाअखेरपर्यंत सह्या झाल्या तर ठीक, नाहीतर त्यांचे साहेब दुसरा बँड घेतील. एकदा हे गेलं की परत कोण विचारणार? आणि ह्या दोघांना समोरासमोर आणायला दुसरं निमित्त मी कुठून आणू? एक जण साठीला आला, एक पोचेल. सासूबाईंना वर जाऊन काय तोंड दाखवू?

टोमण्याचा एवढा राग कुणी धरत नाही. मला तर आता खात्रीच वाटते, मूळ दुखणं कपाटाचं आहे, टोमणा नुसता वरचा. कपाट परत आलं की ह्यांचं मन निवळेल.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

भाऊजींना फोन.

“भाऊजी, मी एक मागते. नाही म्हणायचं नाही.”

“मागा ना.”

“सासूबाईंचं कपाट परत आणून द्या.”

पलीकडं काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला.

“लोखंडी? ज्यात मी स्क्रू ठेवतो?”

“स्क्रू काढून घ्या.”

“वहिनी, कपाटाचं काय मधेच?”

“मला सगळं कळतं. मी बोलत नाही एवढंच.”

“काय कळतं?”

“आणा तुम्ही.”

रविवारी आणतो म्हणाले. वेल्डरभाऊंना घेऊन येतील. ह्यांना सांगितलं नाही. भिंतीजवळची जागा पुसून ठेवली.

२२ फेब्रुवारी, रविवार

आजचं आजच लिहायला हवं.

सकाळी जिन्यात आवाज आला. ‘तिसरी पाळी’ गाण्यातला पहिला आवाज अगदी असाच आहे. दार उघडलं तर भाऊजी आणि वेल्डर, मधे कपाट. शेवटच्या वळणावर ते आडवं अडकलेलं. ना वर येई, ना खाली जाई. वेल्डर खालच्या बाजूला, आणि भाऊजी ज्या बाजूनं ओरडत होते तो त्याचा ऐकू न येणारा कान.

“डावीकडं! डावीकडं घे!”

“चहा? नंतर घेऊ!”

खालून मास्तर म्हणाले, “हा कार्यक्रम तिकीट लावून आहे का?”

हे बनियनवरच बाहेर आले. भावाला पाहिलं. कपाटाला पाहिलं. मला वाटलं, आता जिना उतरून गळ्यात पडतात. तर कपाळाला आठ्या घालून म्हणाले, “डावीकडं कसं वळेल? वरचं टोक आधी उभं कर!”

इतक्या वर्षांनी भावाशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

“उभं केलं तर छताला लागतं, दादा!”

“लागत नाही. तुला तेव्हाही मोजता यायचं नाही, आताही येत नाही.”

“मोजायचं तू मला शिकवू नकोस हां!”

“कपाट आणलंयस कशाला पण?”

“वहिनींनी मागितलं!”

दोघं माझ्याकडं बघायला लागले. मी म्हटलं, “झालं ना आता मनासारखं? कपाट घरात आलं. भांडण मिटवा.”

हे म्हणाले, “कपाटाचा काय संबंध?”

“तुम्ही कपाटावरून बोलत नव्हता ना?”

ह्यांचा चेहरा असा झाला, की मी भिंतीला टेकले. कठड्याला धरून, हळू, पण जिनाभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “आई श्वासाला महाग झाली होती. आणि ह्यानं, ह्या माणसानं, तिच्या उशाशी माईक लावला. तिचा श्वास भरून घेतला आणि बाजारात विकला. चोरून. मला न सांगता. म्हणून बोलत नव्हतो.”

भाऊजींनी मान खाली घातली.

माझ्या तोंडून निघून गेलं, “चोरून कुठं? ती वायर मीच धरली होती.”

वेल्डर म्हणाला, “काय झालं?” त्याला कुणी सांगितलं नाही.

मी म्हटलं, “अहो, दुपारची गोष्ट. तुम्ही औषधं आणायला गेला होता. भाऊजींनी काहीतरी डबीसारखं आणलं होतं, मला वाटलं डॉक्टरांचंच आहे. सासूबाईंनी विचारलं, काय रे हे? भाऊजी म्हणाले, काही नाही, आवाज पकडतं. तर त्याच म्हणाल्या, जगातली सगळी यंत्रं वाजवून झाली तुमची, माझंच तेवढं राहिलंय. घे की, लाजतोस काय! वायर गरम पाण्याच्या पिशवीला लागत होती म्हणून मी वर धरली. पुढचं त्या काय म्हणाल्या ते गाण्यातच आहे. तुम्ही ऐकलंय ना?”

ह्यांनी मान हलवली. “मशीनचा आवाज आला तेव्हाच मी उठून गेलो होतो. कधीच ऐकलं नाही.”

म्हणजे इतके दिवस मी ज्याला टोमण्याचा राग समजत होते, तो टोमणा ह्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता.

“वहिनी, राहू दे,” भाऊजी घाईनं म्हणाले. “नका लावू.”

पण मी आत जाऊन सीडीचं यंत्र घेऊन आले होते. कपाटावर ठेवलं, ती एकच सपाट जागा होती. हे पायरीवर बसले. धस्... फूस्. ह्यांनी डोळे मिटले आणि दोन्ही हात घट्ट धरून ठेवले, पण उठले नाहीत. पूर्ण ऐकलं. शेवटी गोंगाट थांबला आणि सासूबाई बोलल्या, जशा स्वयंपाकघरातून बोलायच्या तशा:

“बघ, कसं तालात चालतंय. तुझ्या दादाला ऐकव जरा. त्याला म्हणावं, असं वाजवायचं असतं.”

मग त्यांचं ते खोकत खोकत हसणं.

भाऊजी म्हणाले, “ऐकव म्हणाली म्हणून पहिल्यांदा तुलाच ऐकवायला आणलं होतं. तू पहिल्याच ठोक्याला उठलास, नको ते बोललास. मलाही राग आला. नंतर राग गेला, पण... आईचं भरून ठेवलेलं हे एवढंच वाक्य, दादा, आणि त्यात तुझीच खोडी काढलेली. कोणत्या तोंडानं सांगणार होतो?”

ह्यांनी नाक पुसलं. मी कमरेला खोचलेली माळ काढून ओढायला लागले.

मग म्हणाले, “परत लाव.”

लावलं.

“परत.”

तिसऱ्यांदा ऐकून उठले आणि बोट वर करून म्हणाले, “मशीन धावतंय.”

“काय?”

“मशीन पुढं पळतंय. मी तालातच होतो. आईला काय कळतं तालातलं? अगं, माझ्या काठ्या कुठायत?”

“माळ्यावर. तुम्हीच टाकल्यात.”

“मग लाटणं आण.”

“एकच आहे.”

“मग पळी!”

लाटणं आणि पळी घेऊन ह्यांनी कपाटाच्या पाठीवर वाजवायला सुरुवात केली. मी सीडी परत लावली; खाली मशीन, वर हे. सगळा जिना घुमला. मास्तरांच्या दाराची कडी आपोआप हलायला लागली. वेल्डरला आता कुठं ऐकू आलं, तो खुश होऊन मान हलवायला लागला. ह्यांच्या चेहऱ्यावर लग्नाच्या वेळी होतं ते तेज.

मी प्रत्येक ‘फूस्’ला एक मणी ओढत होते. म्हणून मला कळलं. हे पुढं जात होते. थोडेसेच, पण दर वेळी.

भाऊजींनी माझ्याकडं पाहिलं. त्यांनाही कळलं होतं. मी माळेकडं पाहिलं.

हे थांबले, घाम पुसला. “बघ! आहे की नाही तालात?”

“अगदी,” भाऊजी म्हणाले. “असाच रेकॉर्ड करू.”

कपाट अजून जिन्यातच आहे. दोघं कसं वळवायचं ह्यावर वाद घालतायत. चहा दोनदा झाला, साखर संपली.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

सह्या झाल्या. कंपनीच्या बाई माणसं आणि यंत्रसामग्री घेऊन जिन्यात आल्या, कारण कपाट घरात येत नाही आणि हे दुसऱ्या कपाटावर वाजवायला तयार नाहीत. ‘खोली’ नव्यानं भरलं, अल्बमच्या शेवटी टाकायला. मास्तरांनी त्यांच्या दारातून वायर घेऊ दिली आणि मधे एकदा खोकले. तो खोकला राहू द्यायचा ठरलंय.

पळीचा दांडा वाकला. ती कंपनीच्या खर्चात लावायला सांगितलं.

३० एप्रिल, गुरुवार

अल्बम आला. वर तिघांचा फोटो, मागं कपाट. आत बारीक अक्षरात लिहिलंय, ‘गाण्यांची निवड: वहिनी.’ शेजारच्या बाईंना दाखवलं. त्यांनी विचारलं, ह्या ‘वहिनीं’चं आडनाव काय?

कुठल्याशा मासिकात परीक्षण आलंय. हे आज सकाळपासून सर्वांना वाचून दाखवतायत. त्यात म्हटलंय, की शेवटच्या गाण्यात लोखंडावरचा ठोका यंत्राच्या केसभर पुढं ठेवलेला आहे, जणू माणूस यंत्राला मागं टाकू बघतोय, आणि असा नेमका चुकवलेला ताल तीस वर्षांच्या साधनेशिवाय जमत नाही.

“चुकवलेला म्हणजे?” हे म्हणाले. “काहीतरी छापतात.”

भाऊजींना खोकल्याची उबळ आली. मध चालू आहे त्यांचा.

दोघं आता रोज फोनवर असतात. सकाळी एक तास, जेवण झाल्यावर एक तास, आणि फोन ठेवला की हे मला सांगतात तो कुठं कुठं चुकला. सासूबाई, तुमचं काम झालं. जरा जास्तच झालं. आता बिलाकडं बघायला लागेल.

कपाट शेवटी वेल्डरभाऊंनी मधून कापून आत आणलं आणि परत जोडलं. मी त्यात पांघरुणं ठेवली होती, तर आवाज बसका येतो म्हणून दोघांनी रिकामं करायला लावलं.

संध्याकाळी दिवा लावल्यावर मी आता ‘खोली’वरच माळ ओढते. कापूस लागत नाही. मशीन आपल्या चालीनं चालतं आणि हे ठोक्या-ठोक्याला पुढं निघून जातात. पहिल्यांदा मणी अडखळायचा. आता मशीनकडं लक्षच देत नाही. ह्यांच्याबरोबर ओढते.